आमदारांनी काय आणले, गावाने काय राखले

खानदेशात निवडणूक आली की पारावर, बाजारात, एसटीच्या थांब्यावर एकच हिशेब मांडला जातो: साहेबांनी काय आणले? रस्ता आणला का, पूल आणला का, अडकलेल्या धरणाला सुधारित मान्यता आणली का. मतदार या मापाने आमदाराला मोजतो आणि आमदारही आपली कार्यअहवालाची पुस्तिका याच मापाने छापतो. जळगाव जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत, धुळ्यात ५. या १६ मतदारसंघांतून निवडून गेलेल्या माणसांनी पाणी, वन आणि ऊर्जा या तीन विषयांत काय केले, त्याचा गावाच्या एकत्र जगण्यावर काय परिणाम झाला, याचा हा आढावा आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आणण्याच्या कामात इथले लोकप्रतिनिधी मागे नव्हते. काहींनी तर राज्याला वाट दाखवली. पण आणलेले कोणी, किती आणि कोणत्या शिस्तीने वापरायचे, हा नियम करणे आणि पाळला जातो की नाही ते पाहणे हे विधिमंडळात बसणाऱ्याचे मुख्य काम, आणि नेमके तेच मागे राहिले. जिथे असा नियम गावाने स्वतः घातला, तिथे काम टिकले.

सुरुवात शिरपूरपासूनच करावी लागते. अमरीशभाई पटेल १९८५ साली तिथले नगराध्यक्ष झाले आणि १९९० पासून २००९ पर्यंत सलग आमदार होते. २००९ मध्ये मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. तेव्हापासून काशीराम पावरा विधानसभेत आहेत आणि पटेल विधान परिषदेत गेले. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा काळा पाषाण आहे, दक्षिणेला तापीकाठी खोलच खोल गाळाची माती. या गाळाच्या पट्ट्यातले पाणी विहिरींनी, मग बोअरने उपसले गेले आणि पातळी शेकडो फूट खाली गेली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांना पटेल यांनी हाताशी धरले आणि २००४ पासून नाल्यांचे काम सुरू झाले. पैसा मोठ्या प्रमाणावर प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीतून आला, सरकारी टेंडरची वाट पाहावी लागली नाही.

काम काय होते, ते नाल्याच्या कडेला उभे राहिले की कळते. तीन-चार मीटर रुंदीचा ओहळ पोकलेनने वीस-तीस मीटर रुंद केलेला, खोली दहा-पंधरा मीटर. कापलेल्या काठावर जमिनीचे थर उघडे पडलेले दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली जाड पिवळी माती, आणि तिच्या खाली वाळू-गोट्यांचा थर. पिवळी माती चिकट असते, तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही. वर्षानुवर्षे पाऊस पडूनही खालचा थर कोरडा का राहिला, याचे उत्तर त्या कापलेल्या काठात आहे. पिवळी माती भेदून वाळूपर्यंत गेले तर पाणी आत शिरते, असा खानापूरकरांचा विचार. नाल्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांना दारे नाहीत, भूसंपादन नाही, कोणाचे विस्थापन नाही. शिवाय करवंदसारख्या धरणाचे जादा पाणी कालव्याने आणून कोरड्या विहिरींत सोडले गेले. काही वर्षांत बंधाऱ्यांची संख्या नव्वदीच्या घरात गेली. बंद पडलेल्या विहिरींना पाणी आले, दुबार पिके आली. हे ज्यांनी पाहिले त्यांच्यासाठी तो चमत्कार नव्हता, हिशेबाने केलेले काम होते.

एका आमदाराने एका शास्त्रज्ञावर विश्वास टाकला, त्याला मोकळा हात दिला आणि पैसा उभा केला. महाराष्ट्रात हे किती वेळा घडले? म्हणून शिरपूरचे मोल मी कमी करत नाही. पण त्यानंतर जे झाले ते शिकण्यासारखे आहे. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून पोकलेन राज्यभर फिरला. भूगर्भ मात्र राज्यभर शिरपूरसारखा नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा. तिथे पाणी धरणारा मुरूम दोन-तीन मीटरचा असतो, त्याखाली कठीण खडक. तो मुरूम खणून काढला तर पाणी साठवणारी जागाच गेली, उरला तो उन्हात आटणारा खड्डा. जलतज्ज्ञांनी हा धोका वारंवार सांगितला आणि पुढे शासनाच्या नियमांत नाला खोलीकरणाला तीन मीटरची मर्यादा आली. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले, त्यातही खोलीकरणाचा जोर राहिला. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांचा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजलाची पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, काही गावांत ती उलट खालावली, असे त्यात नोंदले आहे. पाणी दिसू लागताच नगदी पिके वाढली आणि उपसाही वाढला, हे त्यातले निरीक्षण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. म्हणजे नाला कितीही खोदला तरी त्यातून घ्यायचे किती, हे ठरले नसेल तर खोदकामाचा फायदा दोन-चार हंगामांपुरता.

या मुद्द्याची खरी परीक्षा तापीच्या वरच्या अंगाला, केळीच्या पट्ट्यात आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इथली केळी रेल्वेने आणि ट्रकने उत्तर भारतात जाते आणि कंटेनरमधून आखातात. या वैभवाच्या खाली ट्यूबवेल आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा एक पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पाणी या पट्ट्यात मुरते आणि तिथून खालच्या गाळाच्या थरांत जाते. मुरणे ठरलेले, उपसा मात्र दरवर्षी वाढता. रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून सरकारी भूजल अहवालांत नोंदले गेले. ठिबकने पाणी वाचते, जळगावात ठिबकचा प्रसारही जुना, जैन इरिगेशनचे गावच हे. पण वाचलेल्या पाण्यावर पुन्हा आणखी एक एकर केळी लागली, तर जमिनीच्या पोटात काही शिल्लक राहत नाही.

हरिभाऊ जावळे यांनी आपली राजकीय हयात या प्रश्नाला दिली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. यावल तालुक्यातल्या भालोदचा हा माणूस आमदार होता, खासदार होता, पुन्हा आमदार झाला. तापीच्या पुराचे वाहून जाणारे पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी न्यायचे आणि बझाड्यात मुरवायचे, ही मेगा रिचार्जची कल्पना त्यांनी दिल्ली, मुंबई, भोपाळ अशी सगळीकडे मांडली. जून २०२० मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत योजना कागदावरच राहिली. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात या योजनेसाठी सामंजस्य करार झाला. पूर्वी यासाठी मोठ्या धरणाचा विचार होता, त्यात हजारो हेक्टर जमीन आणि गावे बुडाली असती. आता खारिया गुटीघाटला वळणाचा बंधारा आणि तिथून कालवे, असा आराखडा आहे. दोन्ही राज्यांना मिळून ३१.१३ टीएमसी पाणी, मध्य प्रदेशात १ लाख २३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख ३४ हजार हेक्टरांना लाभ, असे आकडे जाहीर झाले.

एका लोकप्रतिनिधीने चिकाटीने लावून धरलेली कल्पना त्याच्या मागे जगली, याचा आनंद आहे. त्याचबरोबर एक प्रश्न विचारायलाच हवा. हे पाणी मुरले, तर ते वर काढायचे कोणी आणि किती? यासाठी नवा कायदा लागणार नाही. महाराष्ट्र भूजल (विकास आणि व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, २०१४ पासून तो लागू आहे. शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर घेऊ नये, अधिसूचित क्षेत्रात पाणलोट क्षेत्र समिती असावी, पिकांचे नियोजन पाण्याच्या ताळेबंदावरून व्हावे, अशा तरतुदी त्यात आहेत. केळीच्या पट्ट्यात बोअर किती फूट घ्यावा लागतो, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. कायद्याची आणि शेताची गाठच पडलेली नाही. शेतकऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. शेजाऱ्याने सहाशे फूट घेतला की याला सातशे घ्यावाच लागतो, कारण खालचे पाणी सगळ्यांचे एकच. एकट्याने थांबणे म्हणजे आपली बाग वाळवणे. सगळ्यांनी एकदम थांबायचे असेल, तर नियम लागतो आणि तो पाळणारी यंत्रणा लागते. विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास आहे, लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. आमच्या तालुक्यात पाणलोट समित्या किती झाल्या, हा प्रश्न केळीच्या आमदारांनी दर अधिवेशनात विचारला असता, तर आज चित्र वेगळे असते, असे मला मनापासून वाटते.

पाणी नियमाने वाटून घेणे हे खानदेशाला परके नाही. पांझरा आणि तिच्या शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत तीनेकशे वर्षांहून जुनी मानली जाते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कुठे ऊस, कुठे बाजरी, कुठे गहू-हरभरा, दरवर्षी ही पिके फिरत जात. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. यातली खुबी दुष्काळात दिसे. नदीला पाणी कमी आले की पंच सांगत, यंदा अमुक फड भिजवायचा नाही. त्या फडात सगळ्यांचीच जमीन असल्याने तोटाही सगळ्यांना सारखा. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या राखण करायचा, हवालदार त्यांच्यावर नजर ठेवायचा, आणि त्यांचा मोबदला धान्यात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा. सर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांत धुळे भागातले, पांझरेच्या एका उपनदीखालून पाणी नेणाऱ्या नळाचे काम होते. हा मुलूख पाण्याच्या कारागिरीचा, त्याला हा जुना इतिहास आहे. पुढे वरच्या बाजूला धरणे झाली, काठावर विहिरी झाल्या, मोटारी आल्या, फड मोडत गेले. विहिरीवाल्याला पंचांची गरज उरली नाही.

२००५ साली विधिमंडळाने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे देण्याचा कायदा केला. फड पद्धतीचा आत्मा त्यात आहे, आणि तरीही ज्या जिल्ह्यात ती पद्धत जगली, तिथल्या लोकप्रतिनिधींनी या कायद्याचा झेंडा हाती घेतल्याचे दिसले नाही. त्यांची ताकद मोठ्या योजनांमागे खर्ची पडली. सुलवाडे-जामफळ-कानोली उपसा योजनेचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाले. अमळनेरजवळच्या पाडळसे धरणाची वाट पाहण्यात एक पिढी गेली. गिरणेवरच्या बलून बंधाऱ्यांसाठी उन्मेष पाटील यांनी आमदार आणि मग खासदार म्हणून पाठपुरावा केला, नदीकाठाने परिक्रमा केली. यातली प्रत्येक मागणी रास्त आहे. गिरणा, बोरी, पांझरा काठच्या माणसाने तहानलेल्या शेताकडे पाहत किती दिवस काढायचे? पण धरण झाल्यावर त्याच्या पाटावर पंच कोण, हे धरणाआधी ठरले पाहिजे.

वनाच्या बाबतीत लोकप्रतिनिधीच्या अधिकाराची काळी बाजूही खानदेशाने पाहिली आहे. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तिथल्या नवापूरचे सुरूपसिंग नाईक वनमंत्री असताना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध लाकूड गिरण्यांना परवाने दिले गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल एक महिन्याची शिक्षा दिली. मंत्र्याला तुरुंगात जावे लागण्याचा हा प्रसंग वनांच्या इतिहासात लिहिला गेला आहे.

उजळ बाजूही आहे. मधुकरराव चौधरी खिरोद्याचे. मंत्री होते, १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी सातपुड्यात पालला सातपुडा विकास मंडळ उभे केले, तिथले कृषी विज्ञान केंद्र आजही पावरा-तडवी शेतकऱ्यांबरोबर काम करते. आदिवासीला जंगलाचा शत्रू न मानणारी ही दृष्टी होती. याच परिसरात यावल अभयारण्य आहे, १९६९ सालचे, सुमारे १७७ चौरस किलोमीटर. शिरपुरात अनेर धरणाचे अभयारण्य आहे. मुक्ताईनगरकडे वाघाचा वावर असलेले मुक्ताई-भवानी क्षेत्र २०१४ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. केळीच्या बागेत वाघ दिसल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या या भागातल्या.

कागदावरच्या या सीमांच्या आत माणसे आहेत. २००६ चा वनहक्क कायदा संसदेने केला. कसणाऱ्याला पट्टा आणि ग्रामसभेला आपले जंगल राखण्याचा अधिकार, ही त्याची दोन अंगे. यावलच्या डोंगरातल्या पाड्यांनी लोकसंघर्ष मोर्चाच्या आधाराने सामूहिक हक्कासाठी झगडा दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिभा शिंदे यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी आणि शेतकरी ठाण्याहून मुंबईला आझाद मैदानापर्यंत चालत गेले, तेव्हा सरकारने लेखी आश्वासने दिली. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले तर ते पुरे झाले की नाही हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. आझाद मैदानावर दिलेले आश्वासन त्या समितीपुढे येत नाही. ते तिथे आणायचे असेल, तर कुणा आमदाराने तो प्रश्न सभागृहात उभा करून मंत्र्याकडून उत्तर घ्यायला हवे. चोपडा, शिरपूर, साक्री या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्या राखीव ठेवण्यामागचा हेतूच हा आहे.

आमदाराविना काय होऊ शकते, हे साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने दाखवले. गुजरातच्या सीमेजवळचा शंभरेक घरांचा पाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचा डोंगर बोडका होता, बायका पाण्यासाठी कोसभर चालत. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीला न जाता गावात राहिले, वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक त्यांच्या पाठीशी होते. गावाने नियम घातले. झाड तोडले तर दंड, आणि बातमी देणाऱ्याला त्यातून बक्षीस. सरपण डोक्यावर येईल तेवढेच आणायचे, जंगलात बैलगाडी न्यायची नाही. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड, आणि शिक्षक आले नाहीत तर त्यांनाही. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल या नियमांच्या आधाराने उभे राहिले, ओढ्यांना पाणी टिकले, भाताची खाचरे भरली. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली.

बारीपाड्यात पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा भरते. आजूबाजूच्या पाड्यांतल्या बायका आपापल्या भाज्या रांधून पानांवर मांडतात. तरोटा, कुरडू, बांबूचे कोंब, कडूकंद. कडूकंद तसाच खाल्ला तर घसा धरतो, पोट बिघडते. त्याच्या चकत्या करून, उकडून, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडवटपणा धुऊन जाईपर्यंत. कोणता कंद किती वेळ ठेवायचा, हे त्या बाईला सासूकडून कळलेले असते. ही भाजी शिजते म्हणजे ओढा वाहता आहे, जंगलात कंद शिल्लक आहे आणि ते ज्ञान अजून कुणाच्या तरी हातात आहे. संवर्धनाचा याहून खरा पुरावा मला ठाऊक नाही.

धुळे तालुक्यात लामकानीला डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली, बोडक्या टेकड्यांवर गवत परतले. तिथेही बंदी गावाने मान्य केली म्हणून टिकली. गवत वाढले की कापून न्यायचे, गुरे सोडायची नाहीत, इतकी साधी शिस्त.

ऊर्जेकडे वळू. भुसावळजवळच्या दीपनगरच्या धुराड्यांनी खानदेशाला वीज दिली आणि राखही दिली. पहिला संच साठच्या दशकातला. अलीकडच्या काळात तिथे ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला, त्यामुळे कोळशाचे दिवस सरले असे म्हणता येत नाही. पण स्वच्छ ऊर्जेत धुळे जिल्हा राज्यात अग्रेसर होता. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल, छडवेल परिसराच्या पठारावर २००० नंतरच्या दशकात शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१३ मध्ये त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, त्या वेळी देशातल्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होती.

पवनचक्क्यांसाठी वनजमीन वळती करण्यात आली. त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे आदिवासी पट्ट्यासाठी अर्ज घेऊन फिरत होते. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने हा सवाल उभा केला. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारी समाजाचे तर कुणी नावही घेतले नाही. धुळ्याच्या माळांवर चराई करत फिरणारी ही माणसे. माळाला कुंपण पडले की त्यांचा रस्ता बंद. ज्या घराच्या छपरावरून पवनचक्कीची सावली फिरते, त्या घरात दिवा किती तास जळतो, हा प्रश्न तेव्हा पठारावरच्या सगळ्या पाड्यांना पडला होता. वारा गावाचा, डोंगर गावाचा, वीज मात्र थेट उच्चदाबाच्या वाहिनीतून बाहेर.

याची सगळ्यात जड किंमत शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटील यांनी मोजली. दोंडाईचा परिसरात आधी औष्णिक वीज प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या, नंतर तिथे सौर प्रकल्प ठरला. पाच एकरांच्या आसपास बागायती जमिनीला त्यांना सुमारे चार लाख रुपये मिळाले, आणि शेजारच्या जमिनींना त्याच्या कित्येक पट मिळाल्याचे त्यांचे म्हणणे होते. अर्ज करून, कार्यालयांत खेटे घालून थकलेल्या या वृद्ध शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकनाचे आदेश निघाले. मंत्रालयात संरक्षक जाळी बसली. सौर पट्टी कितीही स्वच्छ असो, तिच्याखालची जमीन कशी घेतली हे त्या स्वच्छतेत धरलेच पाहिजे. एक लोकप्रतिनिधी, कोणत्याही पक्षाचा, त्या फाइलचा हात धरून चालला असता, तर हा माणूस मुंबईला विषाची बाटली घेऊन गेला नसता.

जमिनीच्या बाबतीत राज्यही काही शिकत होते, हे मान्य करायला हवे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. त्यात उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. जमीन विकत घ्यायची नाही, भाड्याने घ्यायची, हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये. खानदेशातल्या शेतकऱ्याने रात्रीच्या लाईटवर पाणी भरत वर्षे काढली आहेत. थंडीत दोन वाजता उठून डीपीपर्यंत जायचे, पायाखाली साप, बांधाआड बिबट्या. दिवसा वीज ही त्याच्यासाठी जिवाची गोष्ट आहे. यासाठी आवाज उठवणाऱ्या प्रत्येक आमदाराचे मी अभिनंदन करीन.

पण योजनेसाठी गायरान घेतले जाते तेव्हा तिथे कुणाची गुरे चरतात, हे ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे. पाच लाखांत गावाला सभागृहाचा स्लॅब मिळेल, चारा मिळणार नाही.

आणि इथे ऊर्जा पुन्हा पाण्याला येऊन भिडते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत दहा टक्के रक्कम भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. सौरपंपाला बिल नाही, ऊन असेपर्यंत तो चालतो. विजेचा खर्च हा उपशाला घातलेला शेवटचा लगाम होता, तोही सुटला. एकीकडे ६० मीटरचा नियम करणारे आणि दुसरीकडे फुकट उपशाची सोय करणारे विधिमंडळ एकच आहे. यावल-रावेरच्या अतिशोषित पट्ट्यात सौरपंप देताना पाण्याचा ताळेबंद मांडायची अट घालता येणार नाही का? पंपातून जादा तयार झालेली वीज महावितरणने विकत घेतली, तर शेतकऱ्याला पाणी न उपसण्याचेही पैसे मिळतील. गुजरातमध्ये ढुंडी गावच्या सहकारी संस्थेने हा प्रयोग केला आहे. केळीच्या पट्ट्यातल्या सहकाराने तो जमवणे अवघड नाही. हा प्रांत सूतगिरण्या आणि साखर कारखाने उभे करणारा आहे.

यातले निम्मे काम आमदाराच्या निधीशिवाय होते. स्थानिक विकास निधी आता वर्षाला ५ कोटींचा आहे. त्यातून बंधारा होतो, सौरदिवे होतात, व्यायामशाळा होते. पाणलोट समितीला कागद, मोजमापाची साधने आणि एक भूवैज्ञानिक द्यायला त्या निधीचा अगदी थोडा भाग पुरेल. शिरपूरच्या यशात पोकलेनइतकाच त्या एका भूवैज्ञानिकाचा वाटा होता.

साक्री हा एकच मतदारसंघ घ्या. बारीपाड्याचे जंगल, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, शिवाजीनगरचा सौर प्रकल्प आणि पांझरेच्या वरच्या अंगाचे मोडलेले फड, सगळे याच एका तालुक्यात आहे. राखीव जागेवरून निवडून गेलेल्या एका व्यक्तीकडे या चारही ठिकाणांची पत्रे येतात. बारीपाड्याला निधीपेक्षा सामूहिक हक्काच्या जंगलात बाहेरून हस्तक्षेप होऊ नये एवढे हवे आहे. पठारावरच्या पाड्यांना विजेच्या उत्पन्नातला कायमचा वाटा हवा आहे, ठेलारींना मेंढ्यांची वाट. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला पंच हवे आहेत, कायद्याने मान्य झालेले. यासाठी वनहक्क कायदा आहे, २००५ चा सिंचन कायदा आहे, २००९ चा भूजल कायदा आहे. पुढच्या अधिवेशनाच्या तारांकित प्रश्नांच्या यादीत यातले किती विषय येतात, ते साक्रीच्या आणि बाकीच्या पंधरा मतदारसंघांच्या लोकांनी काढून पाहावे, आणि पुढच्या सभेत साहेबांना त्याबद्दल विचारावे.